मेलेली गाठ, जिवंत गाठ

कर्करोगाचं निदान आजही एका जुन्या कृतीवर उभं आहे. गाठीचा तुकडा काढायचा, त्याचा पातळ काप घ्यायचा, तो रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. संशोधन संस्थांमध्ये मात्र आता असे सूक्ष्मदर्शक आलेत, की जिवंत प्राण्याच्या गाठीतली एकेक पेशी सरकताना दिसते. त्यातलं एकेक यंत्र कोटींच्या घरात जातं. हा पैसा नेमका कुठे घालावा, यावर एका घरातल्या दोघींचं पटत नाही. आत्या जिल्ह्याच्या गावी पॅथॉलॉजिस्ट होती, हयात स्लाइडी वाचण्यात गेली. भाची कर्करोग संशोधनात आहे, लेझरच्या सूक्ष्मदर्शकावर बसते. दोघी या लेखापुरत्या आहेत, वाद मात्र खरा आहे.

भाची : आत्या, एक गोष्ट तुला मान्य करावीच लागेल. तू जन्मभर ज्या गाठी बघितल्यास, त्या सगळ्या मेलेल्या होत्या.

आत्या : मेलेल्याच लागतात गं. तुकडा वेळेत फॉर्मलिनमध्ये पडला नाही तर सडायला लागतो. मग अल्कोहोल, झायलीन आणि शेवटी वितळलेलं पॅराफिन. त्याचा ब्लॉक झाला की मायक्रोटोमवर चार मायक्रॉन जाडीची फीत निघते. ती कोमट पाण्यावर तरंगवायची आणि सुरकुती पडू न देता काचेवर उचलून घ्यायची. हे हाताचं काम आहे. आमचा टेक्निशियन रजेवर गेला की लॅब थांबायची. हेमॅटॉक्सिलिनने केंद्रकं जांभळी होतात, इओसिनने बाकीचं गुलाबी. मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून काढतात तो जांभळा रंग, आणि जगभर अजून तोच चालतो.

भाची : आणि त्यावरून तू काय सांगतेस?

आत्या : स्तनाची गाठ असेल तर तीन गोष्टी बघते. पेशी अजून नळ्यांसारखी रचना करतात का, केंद्रकं किती वेडीवाकडी झालीत, आणि किती पेशी दुभंगताना सापडतात. प्रत्येकीला एक ते तीन गुण. बेरीज पाचपर्यंत आली तर पहिली ग्रेड, सहा-सात असेल तर दुसरी, आठ-नऊ असेल तर तिसरी. त्या आकड्यावर बाईचे उपचार ठरतात. तुझ्या कोटीच्या यंत्रावर आजवर किती जणींचे उपचार ठरले?

भाची : येते तिकडे. आधी या आकड्यांबद्दल बोलू. २०१५ साली अमेरिकेत ११५ पॅथॉलॉजिस्टांना स्तनाच्या बायोप्सीच्या स्लाइडी दिल्या आणि त्यांची निदानं तज्ज्ञ मंडळाच्या निदानाशी ताडून बघितली. एकूण ७५ टक्के जुळली. पेशी बिघडायला लागल्यात पण कर्करोग झालेला नाही, अशा मधल्या अवस्थेत तर निम्मीसुद्धा जुळली नाहीत. ४८ टक्के.

आत्या : तोच अभ्यास पुढे वाच ना. पसरणारा कर्करोग ओळखण्यात ९६ टक्के निदानं बरोबर होती. ज्यात जीव जातो, तिथे डोळा चुकला नाही.

भाची : ज्यात जीव जातो ते तुझ्या स्लाइडवर दिसतच नाही, हाच माझा मुद्दा आहे. स्तनातल्या गाठीने बाई सहसा दगावत नाही. तिथून निसटून हाडात, फुप्फुसात, मेंदूत जाऊन बसलेल्या पेशी तिचा जीव घेतात. दोन बायकांची ग्रेड एक, गाठीचा आकार एक. एकीला दहा वर्षं काही होत नाही, दुसरीला तीन वर्षांत यकृतात डाग दिसतो. कबड्डीच्या सामन्याचा एक फोटो हातात द्यायचा आणि कोण जिंकणार ते विचारायचं, असं आपण पॅथॉलॉजिस्टला करतो. चढाई कुठून झाली, कुणी कुणाला वाट दिली, हे फोटोत कसं कळणार?

आत्या : बरं, तुझ्या यंत्रात ते कसं कळतं?

भाची : साधा सूक्ष्मदर्शक जाड, जिवंत मांसात आंधळा होतो, कारण प्रकाश आतल्या आत विखुरतो. यावरचा उपाय मारिया गोपर्ट-मायर हिने १९३१ साली कागदावर मांडून ठेवला होता. कमी ऊर्जेचे दोन प्रकाशकण एकाच क्षणी एका रेणूवर आदळले, तर दोघांची ऊर्जा मिळून तो रेणू चमकू शकतो. पण त्यासाठी लेझर यायला हवा होता, आणि तोही फेमटोसेकंदांत मोजावे लागतील एवढे क्षणिक झोत सोडणारा. १९९० साली कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी तसा सूक्ष्मदर्शक करून दाखवला. अवरक्त प्रकाश मांसात खोल शिरतो, आणि चमक फक्त जिथे झोत एकवटतो त्या बिंदूवर उठते. त्यामुळे आजूबाजूची पेशी होरपळत नाही आणि अर्धा मिलिमीटर आतलंही स्पष्ट दिसतं.

आत्या : आणि हे सगळं उंदरावर.

भाची : उंदरावर. भूल दिलेली असते, गाठीवरची कातडी बाजूला करून काचेची छोटी खिडकी बसवलेली असते. त्याचा श्वास चालू असतो, म्हणून चित्रही हलतं, तो हेलकावा काढून टाकण्यातच निम्मं कसब जातं. गाठीच्या पेशी हिरव्या चमकतात, रक्तात सोडलेला रंग लाल दिसतो. आणि कोलॅजनचे तंतू तर काहीही न लावता, त्यांच्या रचनेमुळेच उजळतात. तासभर बघत बसलं की गाठीतल्या बहुतेक पेशी जागच्या जागी असतात. एखादीच निघते, कोलॅजनच्या तंतूवरून सरळ रक्तवाहिनीकडे.

आत्या : बघायला सुरेखच असणार. पण उंदरांचे कर्करोग आपण कितीदा बरे केले, आणि त्यातलं माणसापर्यंत किती आलं?

भाची : एक गोष्ट आली, तीच सांगते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिन आहे. तिथे जॉन कॉन्डीलिस यांच्या गटाने अशाच सूक्ष्मदर्शकाखाली एक विचित्र गोष्ट बघितली. निसटणारी पेशी एकटी नसते. शरीराची राखण करणारी मॅक्रोफेज पेशी तिच्या सोबत असते. गाठीची पेशी एक रसायन सोडून मॅक्रोफेजला बोलावते, मॅक्रोफेज दुसरं सोडून तिला ओढते, अशा दोघी मागेपुढे चालत वाहिनीशी पोचतात. आणि वाहिनीत शिरायला कुठेही जागा मिळत नाही. जिथे गाठीची पेशी, मॅक्रोफेज आणि वाहिनीच्या भिंतीची पेशी या तिघी एकमेकींना चिकटून असतात, तिथेच भिंत थोडा वेळ सैल होते.

आत्या : म्हणजे राखणदारच दार उघडतो.

भाची : हो. आणि हे त्रिकूट एका जागी स्थिर असतं, म्हणून मेलेल्या गाठीतही ते सापडायला हवं. मग त्यांनी रुग्णांच्या जुन्या गाठी काढल्या. कुणाचा कर्करोग पुढे पसरला आणि कुणाचा नाही, हे आधीच ठाऊक होतं. पसरलेल्या ३० आणि न पसरलेल्या ३० बायकांच्या गाठींमध्ये या जागा मोजल्या. पसरलेल्यांमध्ये त्या जास्त निघाल्या, आणि ग्रेड किंवा काखेतल्या गाठी यांच्याशी त्याचा संबंध नव्हता. २००९ साली ते छापून आलं. पुढे मोठ्या गटातही, इस्ट्रोजेन-रिसेप्टर असलेल्या कर्करोगात हा संबंध टिकला.

आत्या : थांब. जुन्या गाठी म्हणजे पॅराफिनचे ब्लॉक ना?

भाची : हो.

आत्या : तीन अँटिबॉडी लावून रंगवलेले काप, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. म्हणजे शेवटी माझ्याच टेबलावर आलात! कुणीतरी हे ब्लॉक नीट करून वर्षानुवर्षं कपाटात ठेवले होते, म्हणून तुमच्या लेझरची गोष्ट खरी ठरली. आणि अजून एक सांग. ही मोजणी आज आपल्याकडच्या रिपोर्टात असते का?

भाची : नाही. रोजच्या रिपोर्टात तिला अजून जागा मिळालेली नाही. पण कुठे बघायचं हे कळलं. ही जागा तुझ्या स्लाइडवर पहिल्यापासून होती, आणि ती बघावी असं शंभर वर्षांत कुणाच्या मनात आलं नाही, कारण तिथून पेशी आत जाताना कुणी बघितलीच नव्हती.

आत्या : हे मानलं. आता माझं ऐक. माझ्याकडे येणाऱ्या बायकांत गाठ कुठे निसटेल हा प्रश्न फारसा उरलेलाच नसायचा. ती निसटून गेलेली असायची. गाठ लिंबाएवढी झाली, कातडी फुटली, मग सासू म्हणाली दाखवून ये. कधी तुकडा फॉर्मलिनऐवजी सलाइनमध्ये यायचा, कधी बाटलीत औषध बोटभर आणि गाठ हातभर. स्तनाची गाठ किमान सहा तास आणि फार तर बहात्तर तास फॉर्मलिनमध्ये राहिली पाहिजे, तरच हार्मोन रिसेप्टरच्या तपासणीवर विश्वास ठेवता येतो. नाहीतर असलेला रिसेप्टर दिसत नाही, आणि बाईला मिळू शकणारी स्वस्त हार्मोनविरोधी गोळी मिळत नाही. ही चूक दुरुस्त करायला लेझर लागत नाही. बाटली, औषध आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी पुरते.

भाची : ती चिठ्ठी आम्ही अडवलेली नाही, आत्या.

आत्या : पैसा एकच असतो गं. आपल्याच मराठवाड्यातलं उदाहरण घे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचे लोक गावोगाव हिंडत होते. गावांचे ५२ गट पाडले. कुठे एचपीव्ही विषाणूची तपासणी, कुठे पॅप, म्हणजे तिथल्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, कुठे ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं, आणि एका गटात नेहमीचंच चालू. २००९ साली निकाल छापला गेला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाच्या लोकांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून ॲसेटिक ॲसिडची तपासणी ठरावीक काळाने पुन्हापुन्हा करून घेतली, तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. व्हिनेगरमध्ये असतं तेच ते ॲसिड! तुझं कुठलं यंत्र एवढे जीव वाचवतं, सांग.

भाची : उस्मानाबादचा निकाल तूही पूर्ण सांगितला नाहीस. त्या अभ्यासात पॅप तपासणीने, म्हणजे तुझ्या सूक्ष्मदर्शकाने, मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. व्हिनेगरनेही नाही. कमी केले ते विषाणूच्या तपासणीने. आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे हा विषाणू आहे, हे कुणी शोधलं? हारल्ड त्सुर हाउझेन यांनी, जर्मनीतल्या प्रयोगशाळेत. बाकीचे लोक दुसऱ्याच विषाणूमागे लागले होते, तेव्हा ते यामागे लागले. १९८३ साली सोळा क्रमांकाचा प्रकार सापडला, पुढच्या वर्षी अठरा. २००८ साली नोबेल मिळालं. तुझ्या गावातली तपासणी त्या प्रयोगशाळेतून आली. ते काम चालू असताना कुणी विचारलं असतं, याचा बार्शीला काय उपयोग, तर काय उत्तर मिळालं असतं?

आत्या : हं. हा टोला बसला. पण त्या अभ्यासात एका गटाला तपासणीच मिळाली नाही, यावर पुढे टीका झाली, ती विसरू नकोस. त्या गटात त्या काळात ६४ बायका या रोगाने गेल्या, एचपीव्हीच्या गटात ३४. तुमच्या विज्ञानाला आकडे लागतात, आणि ते आकडे कुणाच्या तरी घरातले असतात.

भाची : ते कुणी नाकारत नाही.

आत्या : मग दुसरं. तुमच्या चित्रांवर विश्वास कसा ठेवायचा? हिरवं-लाल चमकतं, मुखपृष्ठावर छापून येतं. उंदराच्या गाठीत हजारो पेशी जागच्या हलल्या नाहीत, एक हलली, तिची फिल्म दाखवली. २०१६ मध्ये एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी वीस हजारांवर शोधनिबंधांतली चित्रं तपासली, तेव्हा जवळपास ३.८ टक्क्यांत संशय घ्यावा अशा प्रतिमा निघाल्या. पॅथॉलॉजिस्टची स्लाइड निदान कपाटात असते, दुसरा कुणीही उघडून बघू शकतो.

भाची : त्यातली बरीचशी प्रथिनांच्या पट्ट्यांची चित्रं होती. पण मुद्दा खरा आहे. म्हणून तर आता मूळ चित्रं, सगळीच्या सगळी, जाहीर करायचा आग्रह धरला जातो. मोजणी कुणी केली, कोणती गाठ कुणाची हे मोजणाऱ्याला ठाऊक होतं का, हे लिहावं लागतं. त्या ३० आणि ३० गाठी मोजतानाही हीच काळजी महत्त्वाची होती, कारण एकदा निकाल माहीत असला की डोळा हवं ते बघतो.

आत्या : अजून एक. दोनशे नॅनोमीटरच्या खालचं दिसत नाही, असं आम्ही शिकलो. अर्न्स्ट आब्बे, १८७३. आता तेही मोडलंत म्हणे.

भाची : मोडलं. हेल, बेट्झिग आणि मोर्नर यांना २०१४ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. यातला बेट्झिग तर मधली काही वर्षं विज्ञान सोडून वडिलांच्या यंत्र बनवण्याच्या कंपनीत होता. मग हॅरल्ड हेस या मित्राच्या घरातल्या दिवाणखान्यात दोघांनी पहिला सूक्ष्मदर्शक जोडला.

आत्या : कौतुक आहे. पण पॅथॉलॉजिस्टला नॅनोमीटर हवेत कशाला?

भाची : मूत्रपिंडाच्या काही आजारांत हवे असतात, तुलाच ठाऊक आहे. तिथे गाळणीवरच्या पेशींचे पाय एकमेकांत विरघळलेत का हे बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो जिल्ह्याला नसतो. २०१५ साली एमआयटीत एड बॉयडन यांच्या गटाने प्रश्न उलटा केला. भिंग वाढवण्याऐवजी नमुनाच फुगवला. बाळाच्या डायपरमध्ये पाणी शोषणारं जे रसायन असतं, त्याची जाळी मांसाच्या कापात भरायची, पाणी घालायचं, काप सगळ्या बाजूंनी सारखा साडेचारपट फुगतो. दोन वर्षांनी त्यांनी हेच माणसाच्या पॅराफिनच्या कापांवर करून दाखवलं, मूत्रपिंडाच्या त्या पायांसकट, साध्या भिंगाच्या सूक्ष्मदर्शकावर.

आत्या : हे मला आवडलं. याची पद्धत लिहून दे. बघ, तुझं जे मला पटतं ते नेमकं कोणतं? जे माझ्या काचेवर उतरतं ते. म्हणून माझं म्हणणं, अशा प्रत्येक प्रकल्पाला पैसे देताना एक अट घाला. शेवटच्या पानावर लिहा, यातून जिल्ह्याच्या पॅथॉलॉजिस्टने काय मोजावं.

भाची : आणि ती अट शिमोमुरा या शास्त्रज्ञाला घातली असती तर? १९६१ साली अमेरिकेच्या किनाऱ्यावर तो जेलीफिश गोळा करत होता. त्याला त्यांचा निळा उजेड कशाने पडतो ते शोधायचं होतं. हिरवं चमकणारं प्रथिन त्यात बाजूला सापडलं, टिपणात नोंद झाली. त्याच प्रथिनामुळे आज गाठीतली पेशी हिरवी दिसते, माझ्या प्रयोगातली आणि कॉन्डीलिसच्याही. त्याने शेवटच्या पानावर काय लिहिलं असतं? आपल्याकडचंही बघ. मुंबईत खानोलकरांच्या हाताखाली कमल रणदिवे यांनी डॉक्टरेट केली. अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत शिकून परत आल्या आणि इथे पेशी काचेत वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली. त्या काळी देशात निधीची चणचण कमी होती का?

आत्या : खानोलकरांचं नाव घेतलंस ते बरं झालं. ते मुळात पॅथॉलॉजिस्ट. १९४४ मध्येच त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग हजार रुग्णांचा आढावा छापला होता. रुग्ण कोण, काय चघळतो, गाठ कुठे येते. नंतर संशोधन केंद्र उभारलं आणि रणदिवेंसारख्यांना तिथे जागा दिली. दोन्ही कामं त्यांनी केली, पण आधी रुग्ण मोजले.

भाची : मग तुझी अट मला अर्धी मान्य. रोग्याच्या नावावर जो पैसा मागतो, त्याने ते शेवटचं पान लिहावं. पण काही पैसा नाव न लावता ठेवा.

आत्या : आणि तेवढाच फॉर्मलिनच्या बाटल्यांना ठेवा. मग माझं काही म्हणणं नाही.

तडजोड इथेच थांबते. भाचीची उघडी तिजोरी आत्याला पूर्ण पटलेली नाही, आणि आत्याची अट भाचीला. पण दोघींच्या बोलण्यातून एक निकाल निघतो. महागड्या सूक्ष्मदर्शकाची किंमत तो किती बारीक बघतो यावर ठरत नाही. त्याने बघितलेलं साध्या काचेवर मोजता आलं, तर ती किंमत वसूल होते. त्यासाठी काच चांगली हवी, ब्लॉक नीट हवा आणि बाई वेळेवर आलेली हवी.

यातली काही कामं आपल्या हातात आहेत. घरात कुणाची गाठ किंवा तुकडा काढला जात असेल, तर तो लगेच फॉर्मलिनमध्ये गेला का आणि बाटलीवर वेळ लिहिली का, हे विचारा. दुसरा सल्ला घ्यायला मोठ्या रुग्णालयात जाताना नुसता रिपोर्ट पुरत नाही, ब्लॉक आणि स्लाइडी सोबत लागतात. प्रवासात ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, पॅराफिन उन्हाने मऊ पडतं. आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी तोंडाच्या, आणि बायकांसाठी स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन ती करून घ्या.